राज्याच्या वाहतुकीचा कार्बन मोजायचा तर सुरुवात कुठून, पंपापासून की आरटीओपासून?

वाशी_सेक्टर१७ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे पण इथे गाडीवाले, पालिकेतले, ट्रान्सपोर्टवाले सगळेच येऊन जाऊन असतात म्हणून इथेच टाकतोय. नोकरी सांभाळून पर्यावरणाचा एक कोर्स चाललाय, त्यात प्रोजेक्ट घेतलाय की महाराष्ट्राच्या वाहतूक क्षेत्रातून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते मागच्या दहाएक वर्षांचं मांडायचं, आणि पुढेही दरवर्षी नवा आकडा टाकत राहता येईल अशी शीट बनवायची.

अमेरिकेत त्यांची ऊर्जा खात्याची संस्था आहे ईआयए, ती दरवर्षी प्रत्येक राज्याचा सेक्टरवार आकडा काढते, वाहतूक वेगळी, वीज वेगळी, कारखाने वेगळे, आणि १९७० पासूनची सलग टेबलं एका क्लिकवर मिळतात. आपल्याकडे असं सरळ कुठे सापडत नाहीये. म्हणून दोन रस्ते दिसतायत. एक म्हणजे वाहन पोर्टलवरून नोंदणीचे आकडे घ्यायचे (एमएच०४, एमएच४३, एमएच४६ असं करत राज्यभराचे), प्रत्येक प्रकारची गाडी वर्षाला किती फिरते ते धरायचं आणि किलोमीटरमागे किती ग्रॅम त्याने गुणायचं. दुसरा म्हणजे राज्यात पेट्रोल-डिझेल किती विकलं गेलं ते घ्यायचं आणि थेट गुणून मोकळं व्हायचं. दोन्हीने करून बघितलं तर उत्तरं एकमेकांच्या जवळपासही फिरकत नाहीयेत. सर म्हणतात "ते तूच शोध". कोणतं खरं धरू? आणि पीयूसी सेंटरचा डेटा मिळाला तर काही उपयोग आहे का? जाणकारांनी प्लीज सांगा, सबमिशन जवळ आलंय.

घोडबंदर_ग्रस्त

एवढा त्रास कशाला, संध्याकाळी सातला गायमुखला ये, खिडकी खाली कर आणि मोज. प्रोजेक्ट एका सिग्नलमध्ये पूर्ण.

खाडीपलीकडचा

वरच्याचं हसून सोड, पण त्यात एक घोळ आहे तो आधी मिटवू कारण पीयूसीचा प्रश्न तिथेच सुटतो. खिडकीतून जे नाकात जातं तो धूर, नायट्रोजन ऑक्साइड, धूळ. कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलचा धूर किती दाट ते बघतात. त्यावरून गाडीने वर्षभरात किती टन कार्बन डायऑक्साइड सोडला हे कळायला काही मार्ग नाही. एप्रिल २०२० पासून बीएस६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं त्याने धूर खूप कमी झाला, पण एक लिटर डिझेल जाळलं की त्यातला कार्बन कुठे जाणार, तो तेवढाच बाहेर येणार. त्यामुळे पीयूसी सोडून दे.

आता मुख्य मुद्दा. सुरुवात पंपापासून कर, डोळे झाकून. कारण कार्बन डायऑक्साइड हा असा प्रकार आहे की गाडी नवी का जुनी, एसी चालू का बंद, ड्रायव्हर रॅश का शांत, काही फरक पडत नाही, जेवढं इंधन जळलं तेवढा तो. डिझेलचं लिटर साधारण ८३० ग्रॅम भरतं, त्यात ८६-८७ टक्के कार्बन, आणि कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो म्हणून १२ ग्रॅमचे ४४ ग्रॅम होतात. गुणून बघ, लिटरमागे २.६ किलोच्या वर जातं. लोकांना पटत नाही की पाऊण-एक किलोच्या डिझेलमधून अडीच किलो वायू कसा, पण बाकीचं वजन ऑक्सिजनचं आहे. शुद्ध पेट्रोलचं लिटरला २.३ च्या आसपास.

तुला लिटरमध्ये जायची पण गरज नाही, कारण पेट्रोलियम मंत्रालयाची पीपीएसी म्हणून जी संस्था आहे ती राज्यवार विक्री हजार टनात देते. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक पद्धतीतले ठोकळ गुणक लाव : एक टन डिझेलला ३.१९ टन, पेट्रोलला ३.०७, सीएनजीला २.६९. झालं, पहिला आकडा हातात. फक्त लक्षात ठेव की ते एप्रिल ते मार्च असतं, आणि ईआयएचे आकडे जानेवारी ते डिसेंबर, एकाच ग्राफवर शेजारी शेजारी चिकटवू नकोस.

आणखी एक. डिझेल सगळं गाडीतच जात नाही. जनरेटर, ट्रॅक्टर, पोकलेन, मच्छिमार बोटी. पीपीएसीनेच नील्सन या सर्व्हे कंपनीकडून देशभर सर्व्हे करून घेतला होता, २०१४ च्या जानेवारीत आला, त्यात डिझेलपैकी ७० टक्के वाहतुकीत आणि पेट्रोलपैकी ९९.६ टक्के वाहतुकीत असं निघालं. जुना आहे, पण काहीच न वजा करण्यापेक्षा बरा. वजा केलंस तर तसं ठळक लिही, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुझा जुळणार नाही आणि उगाच भांडण.

वाशी_सेक्टर१७

हे भारी सांगितलंत. म्हणजे वाहन पोर्टलवर घालवलेला सगळा वेळ वाया?

खाडीपलीकडचा

वाया नाही रे, पण त्याचं काम वेगळं. नोंदणी झालेली गाडी आणि रस्त्यावर असलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भंगारात गेलेली स्कूटर लोक कॅन्सल करायला आरटीओत जातात का? सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून झाडं उगवलेल्या गाड्या आहेत, कागदावर त्या अजून वर्षाला दहा हजार किलोमीटर पळतायत. तुझ्या दोन उत्तरांतला फरक बराचसा तिथेच असणार.

कळंबोली_ट्रेलर

नमस्कार. दोन ट्रेलर आहेत आपले, जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर) ते गुजरात लाइनवर. शिकलेल्यांच्या चर्चेत मध्ये पडतोय पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणताय महाराष्ट्रात विकलेलं डिझेल मोजा. आमची गाडी बंदरातून कंटेनर उचलते, कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, मग घोडबंदर, वर्सोवा पूल आणि हायवे. ठाण्यात ठराविक वेळेतच सोडतात म्हणून आधी शिळफाट्याच्या अलीकडे लाइन लावून उभं राहायचं. पुढे मनोर, तलासरी, अच्छाड. आता ऐका, अच्छाडची बॉर्डर ओलांडली की भिलाडपासून पंपच पंप, आणि तिथे डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त असलं की झालं. टाकी तीनशे-चारशे लिटरची. कुठला मालक ड्रायव्हरला सांगेल की बाबा ठाण्यात भर? इथून निघताना पोचण्यापुरतं टाकायचं, तिकडे फुल करायची, परत येताना बॉर्डरच्या आधी पुन्हा फुल, आणि ते डिझेल मग इथे, जेएनपीटीच्या पार्किंगमध्ये आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जळतं. लोड असलेली गाडी लिटरला तीन, साडेतीन देते. इंजिन चालू ठेवून उभी राहिली तर तासाला दोन-तीन लिटर असंच जातं, आणि एसी केबिनवाल्या नव्या गाड्यांत पोरं इंजिन बंद करत नाहीत, मे महिन्यात कोण करेल.

म्हणजे धूर आमच्या ठाण्यात, हिशेब गुजरातच्या वहीत. आणि नोंदणीचं म्हणाल तर बंदरात जाऊन बघा, एनएल०१ नंबरच्या गाड्या किती दिसतात. नागालँड बघितलंय का त्या गाडीने कधी? टॅक्स आणि परमिटसाठी तिकडे पासिंग करतात, आयुष्य न्हावाशेवा-भिवंडीत जातं.

घोडबंदर_ग्रस्त

हे वाचून मला माझ्या पुढे उभ्या असलेल्या ट्रेलरबद्दल पहिल्यांदा सहानुभूती वाटली. पाच सेकंद.

नेरुळची_माई

कळंबोलीवाल्या दादांनी नेमकं दुखणं सांगितलं. मी काही वर्षं एका सल्लागार कंपनीत शहरांच्या हरितगृह वायूंच्या याद्या करायचं काम केलंय त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

जगभर प्रथा अशी की इंधन जिथे विकलं तिथे मोजायचं. ईआयए पण राज्यांचं तेच करते. यात खोट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण फायदा असा की देशातल्या सगळ्या राज्यांची बेरीज केली की देशाचा आकडा बरोबर येतो, ना काही दोनदा मोजलं जातं ना काही सुटतं. प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने "हे माझं नाही, तो ट्रक परराज्यातला" म्हणायला सुरुवात केली तर शेवटी निम्मे ट्रक कोणाचेच नसतील. म्हणून वाशीकरा, मुख्य आकडा विक्रीवरचाच ठेव, आणि सीमेवरच्या डिझेलचा मुद्दा त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिही, परिशिष्टात ढकलू नकोस. कारण उद्या दोन राज्यांतला टॅक्सचा फरक कमी-जास्त झाला तर ट्रक तेवढेच, किलोमीटर तेवढेच, तरी महाराष्ट्राचं उत्सर्जन वर-खाली झालेलं दिसेल आणि कोणीतरी मंत्री त्याचं श्रेय घेईल.

हे राज्याच्या आतही होतं. १ जुलै २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता आणि उरलेल्या बहुतेक राज्यात २१, पेट्रोलवर २६ आणि २५. त्या बजेटमध्ये सगळीकडे सारखा केला. राज्याच्या बेरजेला याने फरक पडत नाही, पण जिल्हावार करायचा मोह झाला तर ठाणे-रायगडच्या आकड्यात त्या तारखेच्या आसपास जे काही दिसेल ते लगेच लोकांची सवय बदलली असं समजू नकोस.

आता वाहन पोर्टलचं. विक्रीचा आकडा किती ते सांगतो, कोणी जाळलं ते सांगत नाही. धोरण करायला ते दुसरंच लागतं. म्हणून गाड्या गुणिले किलोमीटर गुणिले मायलेज हे पण करायचं, पण ते पंपाच्या आकड्याला बांधून. म्हणजे रिक्षा, टीएमटी-एनएमएमटीच्या बस, टेम्पो, ट्रक, बाइक, कार असे वाटे पाडायचे आणि बेरीज विकलेल्या इंधनाच्या वर गेली तर किलोमीटर कमी करत आणायची. जुन्या गाड्यांपैकी किती अजून धावतात याचं काहीतरी गणित बसवावंच लागतं, पंधरा वर्षांनंतरची बाइक शंभर टक्के जिवंत धरलीस तर तुझी शीट कायम फुगलेली राहील. टोलनाक्यांचे आकडे वापरणार असशील तर एक धोका : मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर, म्हणजे आपले वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल माफ आहे, त्यामुळे तिथल्या वसुलीवरून कार मोजायची सोय संपली.

पडताळणीची एक सोपी युक्ती सांगते. एप्रिल २०२० मध्ये देशात पेट्रोलची विक्री आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ६० टक्क्यांनी आणि डिझेलची ५५ टक्क्यांनी पडली होती. तुझी किलोमीटरवाली पद्धत त्या महिन्यात सपाट रेघ दाखवत असेल तर ती मोजत नाहीये, नुसती गाड्यांची संख्या वाढवत नेतेय.

वाशी_सेक्टर१७

माई, सपाटच आहे :) मार्च, एप्रिल, मे सगळं सारखं. आणि माझं अजून एक अडलंय, लोकल ट्रेन कुठे टाकू? पनवेल-ठाणे ट्रान्सहार्बरने रोज एवढी माणसं जातात, ती वाहतुकीत शून्य धरायची का? आणि इलेक्ट्रिक गाड्या?

नेरुळची_माई

आयपीसीसीच्या पद्धतीत वाहतूक म्हणजे गाडीच्या टाकीत जळलेलं इंधन. विजेवरची लोकल, मेट्रो, इलेक्ट्रिक बस यांचं उत्सर्जन वीजनिर्मितीच्या खात्यात पडतं. त्यामुळे राज्याच्या शीटमध्ये हो, वाहतुकीत शून्य, आणि ते इथे परत मिळवलंस तर दोनदा मोजलं जाईल. शहरांसाठीच्या पद्धतीत मात्र ते वेगळ्या रकान्यात दाखवतात. मुंबईचा जो हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला त्यात २०१९ साठी शहराचं एकूण उत्सर्जन २.३४ कोटी टन धरलंय आणि त्यात वाहतुकीचा वाटा साधारण २० टक्के, पण तो शहराचा हिशेब, राज्याच्या टक्केवारीशेजारी ठेवू नकोस.

तू जर "वाहतुकीने वापरलेल्या विजेचं उत्सर्जन" अशी माहितीपुरती ओळ खाली दिलीस तर छान होईल, फक्त बेरजेत घेऊ नकोस. केंद्रीय वीज प्राधिकरणाचा देशाच्या वीज ग्रिडचा गुणक अलीकडे युनिटला ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे.

सीवूड्स_सायकल

बघा, मी कधीपासून म्हणतोय ईव्ही म्हणजे धूळफेक. धूर चंद्रपूरला पाठवायचा आणि पाम बीचवर हिरवी नंबर प्लेट मिरवायची.

खाडीपलीकडचा

सायकलभाऊ, गणित करूनच बोलू ना. इलेक्ट्रिक कार युनिटला साडेसहा किलोमीटर देते धर, ०.७२ ला साडेसहाने भागलं की किलोमीटरला ११० ग्रॅम, वर वायरीतली गळती. पेट्रोलची छोटी कार शहरात १८ देत असेल तर १२८ ग्रॅम. म्हणजे कारमध्ये फरक आहे पण ढोल वाजवण्याइतका नाही, तुझं अर्धं बरोबर. पण स्कूटर घे. इलेक्ट्रिक स्कूटर युनिटला तीसेक किलोमीटर जाते, म्हणजे २४ ग्रॅम, पेट्रोलची ४५ च्या मायलेजने ५१ ग्रॅम. सरळ निम्म्याहून कमी. रिक्षावाले सीएनजीवर आहेतच. आणि ग्रिडमध्ये सोलर वाढत गेलं की हीच जुनी ईव्ही आपोआप सुधारत जाते, पेट्रोलची गाडी जुनी होऊन सुधारल्याचं ऐकलंय का कधी?

वाशीकरा, तुझ्या शीटला मात्र यातून धोका आहे. ईव्ही वाढल्या की वाहतुकीचा आकडा उतरेल आणि विजेचा चढेल, आणि तू फक्त वाहतूक बघत असशील तर सगळं कमी झाल्यासारखं दिसेल. माईंनी सांगितलेली ती खालची ओळ म्हणूनच लागते.

सीवूड्स_सायकल

स्कूटरचं मान्य. कारवाल्यांचं नाही. बाकी मी सायकलने जातो त्यामुळे माझा रकाना रिकामा ठेवा.

नेरुळची_माई

दोन गोष्टी राहिल्या. एक, इथेनॉल. आता पंपावर इ२० पेट्रोल आहे, त्यातला पाचवा भाग उसा-मक्याचा. आयपीसीसीच्या नियमाने त्या भागाचा कार्बन वाहतुकीच्या बेरजेत धरत नाहीत, नुसती नोंद करतात. म्हणजे लिटरला २.३ नाही, १.८४ च्या आसपास. पण इ२० वर मायलेजही थोडं पडतं म्हणून लिटर जास्त विकले जातात, त्यामुळे थेट पाचवा भाग वाचला असं होत नाही. आणि ऊस पिकवायला लागलेलं खत, पाणी, डिझेल हे सगळं शेतीच्या आणि कारखान्याच्या खात्यात, तिकडे वळून बघायचं नाही असा एकूण रिवाज आहे :) तुझ्या टेबलात पेट्रोलचा आकडा इथेनॉल धरून आहे की वगळून, ते तळटीप वाचून ठरव, आणि मागच्या प्रत्येक वर्षाचं मिश्रणाचं प्रमाण वेगळं घे. दहा वर्षांना एकच गुणक लावशील तर नेमका शेवटच्या तीन-चार वर्षांचा उतार-चढाव चुकेल.

दोन, विमान आणि जहाज. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांचं इंधन वाहतुकीत येतं, परदेशी जाणाऱ्या विमानांचं आणि जहाजांचं वेगळं दाखवतात, बेरजेत नाही. राज्यवार विमान इंधनाची विक्री मिळते पण देशी-विदेशी वाटणी त्यात नसते, ती कशीतरी उड्डाणांवरून पाडावी लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून आपलं उलव्याचं विमानतळ सुरू झालंय, म्हणजे इथून पुढे महाराष्ट्राची विमान इंधनाची विक्री वर जाणारच. रस्त्यांचा आकडा आणि विमानांचा आकडा आत्तापासून दोन वेगळ्या रेघांत ठेव, नाहीतर दोन वर्षांनी तुझी शीट म्हणेल की महाराष्ट्रातल्या गाड्या अचानक जास्त पळायला लागल्या.

घोडबंदर_ग्रस्त

गाड्या पळायला लागल्या? कुठे? पत्ता द्या.

वाशी_सेक्टर१७

खाडीपलीकडचे, माई, कळंबोलीवाले दादा, खूप आभार. आता असं ठरवलंय : मुख्य शीट विक्रीवरून, रस्ता, रेल्वेचं डिझेल, देशी विमान अशा वेगळ्या रेघा, विजेची ओळ खाली माहितीपुरती. वाहन पोर्टल फक्त वाटे पाडायला. आणि सीमेवरच्या डिझेलवर एक पूर्ण सेक्शन. दादा, एक विनंती, तुमच्याकडे गाडीने कुठल्या पंपावर किती भरलं याची काही नोंद असते का? नाव, नंबर काही नको, नुसतं महाराष्ट्रात किती लिटर आणि बाहेर किती, आणि किलोमीटर. सॅम्पल लहान असेल तरी चालेल, सरांना दाखवायला तरी होईल.

कळंबोली_ट्रेलर

असते की. ड्रायव्हर प्रत्येक ट्रिपला पंपाच्या पावत्या आणतो, त्याशिवाय खर्ची मिळत नाही. फ्लीट कार्डाचं स्टेटमेंट पण आहे, त्यात पंपाचं गाव येतं. मागच्या दिवाळीपासूनचं काढून ठेवतो. आमच्या असोसिएशनमधल्या अजून चार-पाच जणांना विचारतो, पण सगळे देतील असं नाही, लोकांना वाटतं टॅक्सवाल्यांसाठी चाललंय. तू एकदा शनिवारी दुपारी कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला ये, गाड्या उभ्या असतात तेव्हा. ड्रायव्हरांशीच बोल, ते आमच्यापेक्षा खरं सांगतील की कुठे भरतात.

नेरुळची_माई

जाच. आणि जाताना हे पण विचार की परतीचा कंटेनर रिकामा असतो का भरलेला. रिकाम्या फेऱ्यांचं डिझेल कुठल्याच सरकारी टेबलात वेगळं दिसत नाही.